टेबलाखाली बघणारे बस्त्याव अंकल

आधी माफी मागतो. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे लिहिणाऱ्याला काहीतरी अधिकार लागतो, आणि माझ्याकडे तो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. घरातलं आजवरचं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे बाबांनी कामणच्या गोडाऊनमध्ये दिलेला रजेचा अर्ज, आणि तोही मीच लिहून दिला होता. तेव्हा एखादं वाक्य चुकलं तर समजून घ्या. पण बस्त्याव अंकलबद्दल आमच्या चाळीत जे बोललं जातं ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ज्या चार-पाच जणांनी पाहिलं त्यांत मी होतो, आणि बाकीच्यांपैकी कुणी ते लिहील असं मला वाटत नाही.

चाळीत बोललं जातं ते असं, की बस्त्याव अंकल टेबलाखाली शिरतात.

हे खरं आहे. मी पहिल्यांदा पाहिलं ते तलाठ्याच्या कचेरीत. मी स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो होतो. माझ्या पुढे अंकल उभे होते. आमच्या चाळीच्या तोंडाशी पत्र्याच्या गाळ्यात जुनी टेबलं दुरुस्त करणारा म्हातारा एवढीच मला त्यांची ओळख. त्यांचा नंबर आला. तलाठी म्हणाले, "बोला." अंकल वाकले, आणि दिसेनासे झाले.

"अहो काका, पाया कशाला पडता? होईल तुमचं काम," तलाठी म्हणाले.

टेबलाखालून टॉर्चचा उजेड हलला. ठक ठक असा आवाज आला. मग खालूनच आवाज आला, "पाय उचला जरा."

तलाठ्यांनी दोन्ही पाय उचलले. का उचलले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आमची सगळी रांग वाकून बघू लागली. थोड्या वेळाने अंकल दुसऱ्या बाजूने बाहेर आले, केसांना कोळिष्टक लागलेलं.

"हे नव्हे," ते म्हणाले.

"काय नव्हे?"

"हे ऐनाचं आहे. माझं सागाचं. आणि वरचा सनमायका काढून टाका साहेब, लाकूड घुसमटतंय."

आणि सातबाऱ्याचा अर्ज तिथेच विसरून ते निघून गेले. तो अर्ज मी गाळ्यावर नेऊन दिला, तेव्हापासून आमची ओळख.

ते काय शोधतात हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ते कुणालाही सांगत. गाळ्याच्या भिंतीवर खडूने त्यांनी एक टेबल काढून ठेवलं होतं आणि पावसाळ्यात ओल आली की पुन्हा गिरवत. आठ फूट लांब, चार फूट रुंद. जुना साग, एकेक फूट रुंदीच्या चार फळ्या. माठासारखे फुगीर पाय, फुग्यावर कोरलेल्या दोन कड्या. मागचा डावा पाय एका पुरात खालून कुजला होता, तेव्हा त्यांच्या वडिलांनी तिथे चार बोटं फणसाचा तुकडा तिरका सांधून लावला होता. एका वेळी बारा माणसं बसायची. जेवण त्यावर, भाजी निवडणं त्यावर, नाताळचे पदार्थ त्यावर, मुलांचा अभ्यास त्यावर. ते सांडोरच्या त्यांच्या घरातलं, आईचं टेबल.

"ते टेबल कुठे गेलं?" मी विचारलं.

"भावाने विकलं."

अंकल वीस-बावीस वर्षं मस्कतला होते, एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवर. लग्न केलं नाही. लॉकडाऊन लागला त्याच महिन्यात इथे त्यांची आई गेली. विमानं बंद. ते तिकडे आठ माणसांच्या खोलीत बसून राहिले. दीड वर्षाने परत आले, घरात पाऊल ठेवलं, तर मधल्या खोलीत टेबलाच्या जागी प्लास्टिकच्या चार खुर्च्या. भावाला विचारलं, तो म्हणाला, "विकलं." कुणाला, तर म्हणे एक टेम्पोवाला आला होता, नाव माहीत नाही. अंकलनी बॅग उघडलीही नाही. "टेबल मिळेल त्या दिवशी या घरात जेवीन," असं म्हणून जे निघाले ते आमच्या चाळीच्या तोंडाशी येऊन थांबले. सांडोर इथून रिक्षाने अर्धा तासही नाही. चार वर्षांत ते तिकडे एकदाही गेले नव्हते. रविवारच्या मिस्सेलासुद्धा दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जात, भाऊ समोर येऊ नये म्हणून.

भावाचं नाव ते घेत नसत. "तो विकणारा" म्हणत.

आता त्यांच्या स्वभावाबद्दल. ते चांगल्या स्वभावाचे होते असं मी लिहिणार नाही, कारण चाळीतले लोक हसतील. त्यांच्या गाळ्यात कुणी बोललं की ते बोट वर करत, "गप, लाकूड बोलतंय." एखादं टेबल आलं की आधी वास घेत. मग नखाने खालच्या अंगाला ओरखडा काढत. मग कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब कोपऱ्यात लावत आणि तो बोटाला चिकटतो का बघत. चिकटला तर लाखेचं जुनं पॉलिश, नाही चिकटला तर "नवीन सोंग". वरचा पृष्ठभाग ते सगळ्यात शेवटी बघत. "वरून काय बघतोस? वरून सगळेच चांगले. करवतीच्या खुणा खाली असतात."

गोल टेबल आलं तर आडवं-उभं दोन्हीकडून माप घेत. दोन्ही मापं सारखी आली की टेबल परत. खरं जुनं गोल टेबल गोल राहत नाही, असं ते सांगत. लाकूड आडवं आकसतं, उभं नाही. "माणसाचं उलटं," ते म्हणत. "माणूस उंचीला कमी होतो आणि आडवा वाढतो."

राजोडीच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांना एकदा गाडी पाठवून बोलावलं. मी सोबत गेलो होतो, समुद्र बघायला मिळेल म्हणून. रिसॉर्टवाल्याने पोर्तुगीजांच्या काळातलं म्हणून एक टेबल घेतलं होतं आणि त्यावर काच टाकून, बाजूला दोरी बांधून ठेवलं होतं. अंकल दोरीखालून शिरले. किडीच्या भोकांत त्यांनी एक बारीक तार घातली. तार सरळ आत गेली. दुसऱ्या भोकात घातली. तीही सरळ.

"काय म्हणतं टेबल?" रिसॉर्टवाल्याने हौसेने विचारलं.

"कीड हुशार होती. फूटपट्टी घेऊन आली होती."

"म्हणजे?"

"कीड वाकडीतिकडी खाते. हे ड्रिल आहे. आणि रंग चहाचा आहे. त्याला चहा पाजलाय. वर साखळीने मारलंय बिचाऱ्याला, म्हातारं दिसावं म्हणून."

येताना गाडी मिळाली नाही. आम्ही अर्नाळ्याच्या रस्त्यापर्यंत चालत आलो. वाटेत मासळीची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने अंकलना हाक मारली, "काय रं टेबलवाल्या, मिलालं का?" अंकल म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मिलल. पानी प्यायचं का?" म्हणजे राजोडीच्या मासळीवालीलाही माहीत होतं. वसई-विरारमध्ये असं कुणी नव्हतं ज्याला बस्त्याव अंकलनी ते टेबल विचारलं नव्हतं.

आमच्या टेबलाची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी कॉलेजला गेलो तेव्हा बाबांनी माझ्यासाठी कामणहून एक टेबल आणलं. गोडाऊनमधून कुणीतरी टाकून दिलेलं, पण दिसायला गडद, नक्षीदार. बाबा सगळ्या चाळीला सांगत होते, शिसवी आहे, जुना माल आहे. मला वाटलं अंकल बघून खूश होतील. ते आमच्या खोलीत आले, खाली शिरले आणि लगेच बाहेर आले.

"हे टेबल नाही. हा टेबलाचा फोटो आहे. खोक्याचं लाकूड, वर छापील कागद."

बाबा मोरीत जाऊन हातपाय धुऊ लागले, जे त्यांनी आधीच धुतले होते. अंकलनी माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मग टेबल उचलून स्वतःच्या गाळ्यात नेलं. आठ दिवसांनी परत आणलं, तेव्हा त्याचे पाय हलत नव्हते, खाली आडव्या पट्ट्या आल्या होत्या, आणि वर तो खोटा कागद तसाच होता, फक्त त्याच्यावर लाखेचे हात इतके दिलेले की बोट फिरवलं तर गार लागायचं. त्यांनी बाबांना सांगितलं, "शिसवी नाही, पण आता शिसवीपेक्षा मजबूत आहे. तीन माणसं चढवून बघा." बाबांनी खरोखरच चढून पाहिलं.

हाच माणूस गिऱ्हाइकांशी मात्र भांडायचा. त्याचं कारण डाग. अंकलची एक पद्धत होती, जी मी आणखी कुठे पाहिलेली नाही. काचपेपर हातात घेण्याआधी ते टेबलाच्या मालकाला समोर बसवत आणि वरच्या एकेका डागावर बोट ठेवून विचारत, "हा कुणाचा?" हा गरम पातेल्याचा. हा शाईचा. ही सुरीची खूण. "कुणाचा" म्हणजे कुणी पाडला. ज्याने पाडला तो जिवंत असेल तर डाग काढायचा. मेलेल्या माणसाचा असेल तर घरातल्या सगळ्यांची परवानगी लागे, आणि एक जरी नाही म्हणाला तरी डाग राहायचा.

एव्हरशाइनकडच्या एका बिल्डिंगमधलं जोडपं आलं होतं. दोघं मुंबईला नोकरीला. नवरा म्हणाला, "सगळे डाग काढा. एकदम क्लीन हवं." अंकलनी एका निळ्या डागावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

"काय फरक पडतो? काढा."

"हा कुणाचा?"

बायको हळूच म्हणाली, "पप्पांचा आहे. माझ्या. पेन फुटलं होतं."

"ते आहेत?"

"नाहीत."

"मग ठेवायचा की काढायचा?"

नवरा म्हणाला, "अहो, टेबल मी घेऊन आलोय ना? मी सांगतोय." अंकल बायकोकडेच बघत होते. तिने त्या डागावर हात ठेवला. अंकल नवऱ्याला म्हणाले, "काढायचा असेल तर दुसरीकडे न्या." टेबल उचलून परत रिक्षा टेम्पोत चढलं. जाताना अर्ध्या रस्त्यातून टेम्पो मागे वळला. त्या दोघांचं आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. टेबल कामासाठी गाळ्यात राहिलं, आणि त्यावर आज सगळं लख्ख आहे, एक निळा डाग सोडून.

या पद्धतीमुळे त्यांच्याकडे काम कमी येई. ते म्हणत, माझ्या टेबलावर तर आमच्या सगळ्या खानदानाचे डाग असतील, तो टेम्पोवाला ते घासून टाकेल त्याआधी मला पोहोचायला पाहिजे. ही त्यांची खरी भीती होती. टेबल हरवलंय ही नाही. कुणीतरी ते आतापर्यंत स्वच्छ करून टाकलं असेल, ही.

आता मी जे केलं ते.

माझी आई लोकांच्या वाड्यांमध्ये कामाला जाते. केळीचे घड उतरवताना हाताखाली राहणं, भाजी खुडणं, जुड्या बांधणं. दोन महिन्यांपूर्वी तिला सांडोरला एका वाडीत काम लागलं. मालक इनास म्हणून, आणि त्यांची बायको रोझी आंटी. आई म्हणायची, माणसं बरी आहेत, तो बोलत नाही आणि ती दोघांचं बोलते. एका रविवारी आईची कंबर धरली म्हणून तिच्या जागी मी गेलो. पडवळं तोडायची होती. तोडून झाल्यावर हात धुवायला विहिरीपाशी गेलो. तिथे निळं पिंप ठेवलं होतं आणि पिंपाखाली घडवंची होती. वरच्या फळ्या साध्या, बांधकामाच्या. पण पाय फुगीर होते. माठासारखे. फुग्यावर दोन कड्या.

मी खाली बसलो. एका पायाला खाली चार बोटं वेगळ्या लाकडाचा तुकडा होता, तिरका सांधलेला.

मी तिथे कुणाला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. रोझी आंटीने मला चहा दिला, तोही मी घाईघाईत प्यायलो. मला वाटलं, मी आनंदाची बातमी घेऊन चाललोय.

अंकल गाळ्यात पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घालत होते. मी धापा टाकत सांगितलं, "अंकल, पाय मिळाले. चारही. फणसाच्या तुकड्यासकट."

त्यांनी बाटलीचं बूच लावलं. "आणि वरचं?"

"वरचं नाही. वर पिंप आहे."

ते भिंतीवरच्या खडूच्या चित्राकडे वळले. मग म्हणाले, "पाय वेगळे आहेत म्हणजे टेबल मोडलं." एवढ्या वर्षांत ते टेबल कुणाच्या तरी घरात उभं आहे, त्यावर कुणीतरी जेवतंय, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. ते मी एका वाक्यात काढून घेतलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "कुणाच्या वाडीत?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं आणि सांगता सांगताच मला कळलं की तो विकणारा म्हणजे इनास.

अंकलनी रविवारचा पांढरा शर्ट घातला. टॉर्च घेतली, भर दुपारी. मी म्हटलं, मी येतो. ते नाही म्हणाले नाहीत.

वाडीत शिरल्यावर ते घराकडे वळले नाहीत. सरळ विहिरीकडे गेले, गुडघे टेकले आणि पिंपाखाली वाकले. टॉर्च लावली. हाताने त्या तिरक्या सांध्यावरून बोट फिरवलं. मागून इनास आले. हातात पाण्याचा पाईप होता, चालूच. दोघं अगदी एकसारखे दिसतात, फक्त इनासच्या डोक्यावर केस कमी. यापुढचं बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत झालं. ती मला पूर्ण येत नाही. जसं समजलं आणि नंतर आईला विचारून जसं जुळवलं, तसं लिहितो.

"विकलं ना?" अंकल खालूनच म्हणाले. "टेम्पोवाला पाय सोडून गेला होय?"

इनासनी पाईप केळीच्या आळ्यात सोडला.

"फोडलंस. आईचं टेबल फोडलंस आणि पाय पिंपाखाली घातलेस. फळ्या कुठे आहेत? जाळल्यास? बंब तापवलास?"

"घरात ये," इनास म्हणाले.

"घरात कशाला? बसायला आहे काय तुझ्याकडे?"

ओट्यावरून रोझी आंटी उतरली. तिच्या हातात कोयता होता, कारण ती नारळ सोलत होती. पण कोयता घेऊन आलेली बाई पाहून मी मागे सरलो. "मी सांगते," ती म्हणाली.

"रोझी, तू गप," इनास म्हणाले.

"किती वर्षं गप बसू? चर्चमध्ये लोक बघतात तुझ्याकडे. आईचं टेबल विकून खाल्लं म्हणतात. हा सगळ्या वसईत सांगत फिरतो. मी गप. माझी पोरं गप. आता नाही." ती अंकलकडे वळली. "दीर म्हणून सांगते. आई गेल्या तेव्हा काय होतं बाहेर? नाक्यावर पोलीस. मयताच्या पेट्या करणारा त्याच्या गावी अडकलेला. तिघांना फोन केले, सगळी दुकानं बंद. फादर म्हणाले संध्याकाळच्या आत उरकायला पाहिजे. पेटी कुठून आणायची?"

पाईपातलं पाणी केळीच्या आळ्यातून बाहेर येऊन आमच्या पायांखाली आलं होतं. कुणी ते बंद केलं नाही.

"यांनी कधी खिळा मारलाय का घरात? बारा वाजता सुरू केलं, चार वाजता झालं. चार फळ्या. रडत होते आणि कापत होते. वर चादर घातली म्हणून बाहेरच्या कुणाला दिसलं नाही. पाच माणसं होती, त्यांच्याकडून शपथ घेतली."

अंकल अजून गुडघ्यांवरच होते. "मला फोनवर म्हणालास," ते इनासना म्हणाले, "पेटी चांगली आणली. पितळेच्या कड्या आहेत म्हणालास."

"तू दोनदा विचारलंस, पेटी कसली आहे," इनास पहिल्यांदा नीट बोलले. "तू तिकडे एकटा. तुला काय सांगायचं होतं?"

"आलो तेव्हा सांगायचंस."

"तू दारातूनच ओरडत आलास, विकलंस ना, विकलंस ना. मी हो म्हटलं. आईला टेबलात पुरलं हे तुला सांगण्यापेक्षा चोर झालेलं बरं वाटलं."

अंकलनी टॉर्च बंद केली. दुपारच्या उन्हात ती चालू आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते उठायला गेले, पिंपाला धरलं, पण उठता येईना. मी हात दिला. त्यांनी तो घेतला आणि तसेच उभे राहिले.

"ती जागा मला दाखव," ते म्हणाले.

"जागा उघडली," रोझी आंटी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "गेल्या वर्षी. जागा कमी आहे ना, काही वर्षांनी सगळ्यांच्याच कबरी उघडतात. हाडं वर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. नाव आहे तिथे."

"आणि लाकूड?"

"काही राहिलं नव्हतं. माती. सात-आठ खिळे निघाले."

"खिळे?" अंकल एकदम भावाकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर गाळ्यातला तो जुना राग आला, गिऱ्हाइकांवर यायचा तो. "सागाला खिळे मारलेस? तडा गेला असेल."

"दोन ठिकाणी गेला."

"आधी भोक पाडायचं असतं. बारीक."

"मला कुठे माहीत होतं?"

"मला फोन करायचास. मी सांगितलं असतं."

"तुला फोन करून विचारू, आईची पेटी कशी करतात?"

  रोझी आंटीने कोयता विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि जाऊन नळ बंद केला. पाईपातून उरलेलं पाणी ठिबकत राहिलं. मला वाटलं, आता अंकल निघतील. त्यांनी माझा हात सोडला. एखादं टेबल समोर आल्यावर जसं विचारतात, तशाच साध्या आवाजात त्यांनी विचारलं.

"पॉलिशची बाजू कुठे ठेवलीस? बाहेर?"

"आत," इनास म्हणाले. "खरखरीत बाजू तिला लागली असती."